लॉनी जॉन्सनने प्रेमगीत का गाऊ नये?

गोऱ्या ब्लूज-अभ्यासकांची लॉनी जॉन्सनबद्दल एक जुनी तक्रार आहे. हा माणूस चांगला दुःख गाता गाता मधेच गुळगुळीत प्रेमगीत गायला लागतो. ज्याच्या गळ्यात काळ्यांची वेदना आहे त्यानं बाजारातली, तीही गोऱ्यांनी लिहिलेली गाणी कशाला गावीत? त्यानं शुद्ध राहावं. अस्सल राहावं.

तक्रार ओळखीची वाटते ना दोस्तहो? मलाही वाटली. म्हणून हा लेख.

अमेरिकेतल्या काळ्यांचं आपण बरंच घेतलं. १९७२ ला मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नावच तिकडून आलं. त्यांची कविता, त्यांची आत्मचरित्रं आपल्या चर्चेत आली. संगीत मात्र आलं ते उपमेपुरतं. 'ब्लूज म्हणजे काळ्यांचा आक्रोश' असं एक वाक्य लिहायचं अन् पुढं सरकायचं. कुणाची बोटं तारेवर कुठं पडत होती, त्या बोटांना किती पैसे मिळत होते, हे ऐकायला आपण फारसं थांबलो नाही. आज ही सगळी गाणी मोबाईलवर ऐकायला मिळतात, तेव्हा न ऐकण्याला निमित्त उरलेलं नाही.

अलोन्झो ऊर्फ लॉनी जॉन्सन न्यू ऑर्लिन्सचा. जन्मसाल कुणी १८९९ देतं, कुणी १८९४. घरच वाजवणाऱ्यांचं. बाप वाजवणारा, भाऊ वाजवणारे. पोरानं आधी हातात घेतलं ते व्हायोलिन. हे व्हायोलिन लक्षात ठेवा, पुढं उपयोगी पडेल. १९१७ मध्ये एका गाण्या-नाचाच्या कंपनीबरोबर तो इंग्लंडला गेला. १९१९ मध्ये परतला तेव्हा १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत घर जवळजवळ साफ झालेलं होतं. जेम्स नावाचा एक भाऊ तेवढा शिल्लक. दोघं भाऊ सेंट लुईसला गेले. तिथं मिसिसिपी नदीवर चालणाऱ्या बोटींवरच्या बँडांत तो वाजवायला लागला.

१९२५ मध्ये सेंट लुईसच्या बुकर टी. वॉशिंग्टन थिएटरात ब्लूज गाण्याची स्पर्धा लागली. जिंकणाऱ्याला ओके कंपनीची रेकॉर्ड मिळणार होती. जॉन्सन जिंकला. पुढं त्यानं याबद्दल जे सांगितलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. रेकॉर्ड निघावी म्हणून मी काहीही केलं असतं, स्पर्धा ब्लूजची निघाली म्हणून ब्लूज गायलो, असा त्याच्या सांगण्याचा अर्थ. म्हणजे बघा. ज्याला आपण रक्तातून आलेला आक्रोश म्हणतो, तो ह्या माणसापुरता तरी एक दरवाजा होता. दुसरा दरवाजा असता तर तो व्हायोलिन घेऊन त्यातून आत गेला असता. दरवाजा एकच होता, त्याच्यावर पाटी होती, अन् ती पाटी त्यानं लिहिलेली नव्हती.

पाटीवर लिहिलेलं होतं 'रेस रेकॉर्ड'. १९२० मध्ये मेमी स्मिथ ह्या काळ्या बाईचं 'क्रेझी ब्लूज' ओके कंपनीनं काढलं अन् ते धडाक्यात खपलं. काळा माणूस खिशातले पैसे काढून तबकडी विकत घेतो हे कंपन्यांना तेव्हा कळलं. मग काळ्यांसाठी वेगळी मालिका, वेगळे नंबर, वेगळी जाहिरात. एकाच कंपनीच्या एकाच कारखान्यात तबकड्या निघायच्या, पण यादीत काळ्यांची वस्ती वेगळी. गावाबाहेरची म्हणा. कलावंताला बहुधा ठोक रक्कम हातावर टेकवली जायची, पुढच्या खपाशी त्याचा संबंध नाही. ह्या व्यवस्थेत १९२५ ते १९३२ जॉन्सननं ओकेसाठी सुमारे १३० गाणी अन् वादनं मुद्रित केली. त्यातली बहुतेक ब्लूज, कारण मागणी ब्लूजची.

आता त्याच्या गिटारकडे येतो. इथं मी थोडा वेळ थांबणार आहे, कारण त्याचं खरं मोठेपण इथं आहे अन् दुःखाचे भक्त हे घाईघाईत ओलांडतात.

त्या काळात बँडमधल्या गिटारचं काम म्हणजे मागं बसून ठेका धरणं. सगळ्या तारा एकदम झाडायच्या, गायकाला आधार द्यायचा. मुख्य सूर पुढं नेणं हे कॉर्नेटचं, क्लॅरिनेटचं काम. जॉन्सननं गिटार पुढं आणून बसवली. हातात नखी घेऊन तो एकेका तारेवर एकेक सूर सुटा काढायचा, तार ओढून सूर वाकवायचा, कापरा करायचा. मला विचाराल तर हे सगळं त्याच्या व्हायोलिनमधून आलं. गजानं ओढलेला लांब सूर ज्याच्या कानात लहानपणापासून बसलाय तो माणूस गिटारच्या तारेकडूनही तेच मागणार. १९२७ चं '६/८८ ग्लाइड' ऐका. मग १९२८ चं 'प्लेइंग विथ द स्ट्रिंग्ज' अन् 'अवे डाउन इन द अ‍ॅली ब्लूज' ऐका. एका शब्दाचं गाणं नाही. कुठं रडं नाही. एक माणूस अन् लाकडाचं एक खोकं, आणि त्यातून निघणारी बुद्धी. होय, मी बुद्धीच म्हणतो. जँगो राइनहार्ट, चार्ली ख्रिश्चन ही जॅझ-गिटारची मोठी नावं ह्याच्या नंतरची. बी. बी. किंगनं आपल्या घडणीचं श्रेय देताना ह्याचं नाव पुन्हा पुन्हा घेतलेलं आहे.

१३ डिसेंबर १९२७ ला शिकागोत लुई आर्मस्ट्राँगच्या हॉट फाइव्हबरोबर तो पाहुणा म्हणून वाजवायला बसला. 'हॉटर दॅन दॅट' त्या दिवशीचं. मधे बाकीचा बँड बाजूला होतो. आर्मस्ट्राँग शब्द टाकून देतो, नुसती अक्षरं उधळतो, अन् मागं जॉन्सनची गिटार तेवढी राहते. आर्मस्ट्राँग चारच्या तालावर तीन-तीनचे घाव घालत सुटतो. कच्चा वाजवणारा असता तर पार गडबडला असता. गिटार हलत नाही. आणि मग दोघांचा सवाल-जवाब सुरू होतो. एक ओळ गळ्याची, एक तारेची. आपल्याकडं तमाशाच्या फडात सवाल-जवाब ऐकलेल्या माणसाला इथं काय चाललंय हे कुणी समजावून सांगायला नको. पुढच्या वर्षी, १ ऑक्टोबर १९२८ ला, तो ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यमेळात 'द मूच' अन् 'हॉट अँड बॉदर्ड' साठी बसला. आर्मस्ट्राँग आणि एलिंग्टन. जॅझच्या दोन शिखरांच्या शेजारी ज्याला खुर्ची मिळाली, त्याला पुढं साठच्या दशकात पोरंसोरं विचारणार होती की बाबा तू अस्सल आहेस का?

ह्याच काळातली एक गोष्ट आहे, तिच्यावर हसावं की थुंकावं कळत नाही. न्यूयॉर्कमध्ये एडी लँग नावाचा गोरा गिटारवादक होता. इटालियन घरचा, मूळ नाव साल्वातोरे मास्सारो. उत्तम वाजवायचा. १९२८-२९ मध्ये ह्या दोघांनी मिळून गिटारच्या जोड-तबकड्या केल्या. 'टू टोन स्टॉम्प', 'अ हँडफुल ऑफ रिफ्स', 'हॅव टू चेंज कीज टू प्ले दीज ब्लूज' अशा. लँग खालून सूरांचा पाया घालतो अन् जॉन्सन वरून धावतो. दोघं एकमेकांचं ऐकताहेत हे सरळ कानाला कळतं. पण गोरा अन् काळा एका तबकडीवर बरोबरीनं छापायचे कसे? आणि ती काळ्यांच्या मालिकेत विकायची कशी? मग कागदावर लँगचं नाव झालं 'ब्लाइंड विली डन'. ब्लाइंड लेमन जेफर्सनसारख्या आंधळ्या काळ्या गायकांच्या तबकड्या त्या वेळी खपत होत्या, तो नमुना तयारच होता. चांगला डोळस इटालियन माणूस छापखान्यात आंधळा झाला आणि काळाही झाला. ह्याचा उलटा खेळ कधी ऐकलाय? काळ्या जॉन्सनला गोरं नाव देऊन गोऱ्यांच्या यादीत बसवायची कल्पना कुणाला आली नाही. दोन माणसं एका खोलीत समोरासमोर बसून वाजवू शकत होती. अडचण लेबलाच्या चार ओळींत होती. लँग १९३३ मध्ये, तिशीतच गेला.

आता कार्यकर्ता विचारेल, ठीक आहे, पण ह्याच्या गाण्यात विद्रोह कुठं आहे?

आहे, पण मोर्च्यासारखा नाही. १९२७ मध्ये मिसिसिपीला महापूर आला तेव्हा बंदुकीच्या धाकावर काळ्यांना बांधावर मातीची पोती टाकायला लावलं होतं. १९२८ चं 'ब्रोकन लेव्ही ब्लूज' त्या जबरदस्तीबद्दल आहे. गाण्यातला माणूस पोती वाहायला साफ नकार देतो, तुरुंग पत्करतो. आवाज चढत नाही. जॉन्सनचा आवाज तसा मऊ, वरच्या पट्टीतला, जवळजवळ लाडिक. त्या मऊ आवाजात तो 'नाही' म्हणतो म्हणून ते जास्त टोचतं. १९३७ चं 'हार्ड टाइम्स एन्ट गॉन नो व्हेअर' मंदीबद्दल आहे. पण अशी गाणी मोजकी. बाकीची बाई, दारू, फसवणूक, एकटेपण ह्यांची. आणि खरं सांगायचं तर त्यातली काही मला सहन होत नाहीत. बाईवर संशय, बाईला धमकी, बाईला मारायची भाषा त्याच्या अनेक ब्लूजमध्ये उघड आहे. १९३० चं 'शीज मेकिंग व्हूपी इन हेल टुनाइट' ऐकताना अंगावर काटा येतो, तो कलेचा काटा नव्हे. तो काळ तसा होता म्हणून हे सोडून द्यायला मी तयार नाही. गंमत अशी की शुद्ध ब्लूजवाल्यांनी ह्या गाण्यांना 'अस्सल' म्हणून डोक्यावर घेतलं, अन् ज्या प्रेमगीतात तो बाईशी माणसासारखा बोलतो त्याला 'बाजारू' म्हटलं. अस्सलपणाची ही मोजपट्टी कुणाच्या हातात आहे बघा.

रॉबर्ट जॉन्सनचं उदाहरण तर फारच बोलकं. मिसिसिपीचा हा तरुण १९३८ मध्ये मेला. त्याची दंतकथा झाली. म्हणे त्यानं मध्यरात्री चौकात सैतानाला आत्मा विकला अन् बदल्यात गिटार शिकला. ही कथा आजही पुस्तकांत, सिनेमांत, टी-शर्टांवर आहे. आणि रेकॉर्ड काय सांगते? त्याची १९३७ ची 'मॉल्टेड मिल्क' अन् 'ड्रंकन हार्टेड मॅन' ही दोन गाणी लावा आणि लगेच लॉनी जॉन्सन लावा. वळणं तीच, गायची ढबही तीच. पोरगं तबकड्या ऐकून, पुन्हा पुन्हा ऐकून शिकलेलं आहे. त्याचा सैतान म्हणजे सेंट लुईसचा सूट घातलेला एक शहरी माणूस. पण काळ्या माणसानं अभ्यास केला हे पटवून घेण्यापेक्षा लोकांना सैतान पटतो. आपल्याकडंही एखादा वस्तीतला पोरगा फर्डा बोलला, चांगलं लिहिलं, की 'उपजत' म्हणतात. रात्री दिव्याखाली किती वाचलं ते कुणी विचारत नाही.

मंदीनं रेकॉर्डचा धंदा बसला. १९३२ नंतर काही वर्षं जॉन्सनचं मुद्रण बंद. पोटासाठी पोलादाच्या कारखान्यात राबला, जमेल तिथं रात्री वाजवलं. १९३७ नंतर पुन्हा तबकड्या, आधी डेका, मग ब्लूबर्ड. पुढं हातात विजेवरची गिटार आली. आणि १९४८ मध्ये सिनसिनाटीच्या किंग कंपनीनं त्याचं 'टुमॉरो नाइट' काढलं.

हेच ते बदनाम प्रेमगीत. १९३९ चं जुनं गाणं, सॅम कोस्लो अन् विल ग्रोस ह्या दोघांचं. उद्या रात्रीही तुझं मन असंच असेल का, एवढाच त्याचा विषय. जॉन्सननं ते सावकाश, जवळजवळ कानात सांगितल्यासारखं गायलं. बिलबोर्डच्या यादीत ते सात आठवडे पहिलं होतं. यादीचं नाव अजून 'रेस रेकॉर्ड्स'च. ते १९४९ मध्ये बदलून 'रिदम अँड ब्लूज' झालं. म्हणजे काळ्या गिऱ्हाइकानं, ज्याच्या नावानं ही सगळी शुद्धता चालते त्यानं, स्वतःचे पैसे टाकून हे गाणं निवडलं. गिरणीतून सुटलेला माणूस, दुसऱ्याच्या घरी भांडी घासून आलेली बाई. त्यांना उद्या रात्रीची काळजी होती अन् ती गाण्यात ऐकायची होती. हा निकाल शुद्धतावाद्यांनी कधी वाचला नाही. आणि 'गोऱ्यांचं गाणं' म्हणून नाक मुरडणाऱ्यांसाठी एक माहिती. ह्यातला ग्रोस हा व्हिएन्नाचा ज्यू संगीतकार, नाझींमुळे देशोधडीला लागलेला. गाण्याची जात शोधायला निघालं की हे असं होतं. एल्व्हिस प्रेस्लीनं १९५४ मध्ये हेच गाणं मुद्रित केलं. त्याला कुणी विचारलं नाही की बाबा रे, तुझ्या जमातीचं दुःख सोडून हे काय गातोस.

१९५२ मध्ये तो इंग्लंडला जाऊन आला. तिथल्या एका तरुण गायकानं त्याच्यावरून स्वतःचं नाव लॉनी डोनेगन करून घेतलं आणि पुढं तो मोठा स्टार झाला. आपला लॉनी परत आला अन् हळूहळू दिसेनासा झाला. १९५९ मध्ये फिलाडेल्फियात ख्रिस अल्बर्टसन नावाच्या रेडिओवाल्यानं त्याचा पत्ता काढला तेव्हा तो बेंजामिन फ्रँकलिन हॉटेलात झाडलोटीच्या कामावर होता. एलिंग्टनच्या आधी ज्याच्याकडं त्या बँडचं पुढारपण होतं तो एल्मर स्नोडन त्याच शहरात मोटारी लावायच्या तळावर राबत होता. जॅझचा इतिहास लिहिणाऱ्यांनी ह्या दोन नोकऱ्या आपल्या ग्रंथाच्या पहिल्या पानावर छापाव्यात, असं मला वाटतं.

अल्बर्टसननं दोघांना स्टुडिओत आणलं. १९६० मध्ये जॉन्सनची रेकॉर्ड निघाली, मग स्नोडनबरोबरची 'ब्लूज अँड बॅलड्स'. कंपनीचं नावच ब्लूजव्हिल. त्या बैठकीत दोघा म्हाताऱ्यांनी ब्लूज वाजवले, प्रेमगीतं वाजवली अन् मजेत धावतं जॅझही वाजवलं. त्यातलं बरंचसं जॅझ पेटीत राहिलं अन् कितीतरी वर्षांनी, जॉन्सन मेल्यानंतर, दुसरा भाग म्हणून बाहेर आलं. एका दिवसात माणसानं सगळं दिलं, त्यातलं काय विकायचं हे पाटी लावणाऱ्यांनी ठरवलं. १९२५ चीच गोष्ट.

साठच्या दशकात गोऱ्या कॉलेज-पोरांत लोकसंगीताची लाट आली होती. त्यांना हवा होता शेतावरचा म्हातारा, फाटके कपडे, लाकडी गिटार. १९६३-६४ मध्ये मिसिसिपी जॉन हर्ट, स्किप जेम्स, सन हाउस ह्यांना खेड्यांतून, गल्ल्यांतून शोधून आणलं. तेही थोर वादक, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण ह्या रांगेत जॉन्सन बसेना. तो शहराचा, नीटनेटका, विजेची गिटार आवडणारा, अन् मधेच प्रेमगीत गाणारा. ह्याच्या आधीही असंच झालं होतं. १९३८ मध्ये कार्नेगी हॉलमध्ये बिग बिल ब्रून्झीला उभं केलं ते आर्कान्सॉचा शेतमजूर म्हणून. तो तेव्हा शिकागोत कित्येक वर्षं रेकॉर्ड काढणारा शहरी गायक होता. ब्रून्झीनं ती भूमिका निभावली, पोट त्यावर चालवलं. त्याला मी दोष देत नाही. जॉन्सननं ती निभावली नाही, एवढंच नोंदवतो. १९६३ मध्ये ब्लूजवाल्यांच्या ताफ्यातून युरोपात गेला तेव्हाही तो रुबाबदार कपड्यांतच उभा होता.

आपल्याकडचा पांढरपेशा समीक्षक आपल्याला काय म्हणाला ते आठवा. भोगलंय ते लिहा. लिहिलं. मग म्हणाला, एकसुरी झालं. मग कुणी पावसावर, बाईच्या केसांवर लिहिलं तर म्हणाला, हे काय दलित साहित्य नव्हे. आणि हे फक्त त्याच्यापुरतं असतं तर मी हा लेख लिहायला बसलो नसतो. आपल्या कविसंमेलनांतही एखादं पोरगं भीत भीत प्रेमाची कविता काढतं तेव्हा मागून आवाज येतो, 'अरे चळवळीचं काही म्हण!' तो आवाज देणाऱ्यानं 'ब्रोकन लेव्ही ब्लूज' अन् 'टुमॉरो नाइट' लागोपाठ ऐकावं. दोन्ही एकाच माणसाचं आहे. पोती वाहायला नकार देणाऱ्या माणसालाच उद्या रात्रीची चिंता पडलेली आहे. त्यातला एक निवडा असं म्हणायचा अधिकार मी ना त्या कॉलेज-पोरांना देतो, ना आपल्याला.

१९६५ पासून तो कॅनडात टोरोंटोला राहिला. तिथं लोकांनी त्याला माया लावली. १९६६ मध्ये त्याच्या नावावर एक क्लबही निघाला, पण चालला नाही. मार्च १९६९ मध्ये रस्त्याकडेच्या फुटपाथवर मोटार अंगावर आली, कंबरेचं हाड मोडलं. त्याच्या मदतीसाठी जलसा झाला. पुढं पक्षाघाताचा झटका आला. २३ फेब्रुवारी १९७० ला टोरोंटोच्या मॅसी हॉलमध्ये तो शेवटचा लोकांसमोर आला. बरोबर बडी गाय होता, त्याच्यापेक्षा कितीतरी लहान, विजेच्या गिटारवाला, शिकागोचा. जॉन्सन गायला. सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत राहिलं. १६ जून १९७० ला तो गेला.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी 'हॉटर दॅन दॅट' पासून करावी. गळा अन् तार एकटे पडतात ती जागा आली की आवाज थोडा वाढवा.